व्यसनमुक्तीचा पुरावा : कोकेनवरील चिकित्सा-संशोधन आणि खानदेशातील दारूत्यागाच्या चळवळी

१

व्यसन सुटले, हे विधान दिसते तितके सरळ नाही. ते कोणी करावयाचे, किती दिवसांनंतर करावयाचे आणि कशाच्या आधारावर करावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे ठरल्यावाचून त्या विधानास वैद्यकात अथवा इतिहासात निश्चित अर्थ प्राप्त होत नाही. व्यसनी माणूस स्वतः सांगतो त्यावर विसंबावे, तर त्याची लज्जा व आशा या दोन्ही गोष्टी त्याच्या उत्तरात मिसळलेल्या असतात. उपचार करणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे, तर आपल्या उपायाविषयीची त्याची ममता आड येते. सरकारी दप्तर पाहावे, तर ते वेगळ्याच हेतूने लिहिलेले असते. व्यसनमुक्तीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास म्हणूनच प्रथम पुराव्याचा इतिहास लिहावा लागतो.

प्रस्तुत विवेचनात दोन दूरस्थ वाटणारे विषय एकत्र घेतले आहेत. एक, कोकेनच्या व्यसनावरील उपचारांचे गेल्या शतकातील संशोधन. व्यसनचिकित्सेत पुराव्याची साधने सर्वाधिक काटेकोर झाली ती ज्या थोड्या शाखांत, त्यांपैकी ही एक होय. दुसरा, पूर्व व पश्चिम खानदेशातील, विशेषतः तापीच्या उत्तरेकडील सातपुड्याच्या पट्ट्यातील, आदिवासी समाजाने दारूचा त्याग करण्यासाठी वेळोवेळी केलेली सामुदायिक खटपट. पहिल्याजवळ मोजमाप आहे. दुसऱ्याजवळ मोजमाप जवळजवळ नाही, पण अनुभव मोठा आहे. या दोहोंना शेजारी ठेवले असता दोहोंच्याही मर्यादा स्पष्ट होतात, असे दिसून येईल.

२

कोकेनच्या इतिहासाचा आरंभच एका विपरीत घटनेने होतो. १८६० च्या सुमारास गटिंगेन येथे आल्बर्ट नीमान याने कोका वनस्पतीच्या पानांपासून हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पुढे १८८४ साली व्हिएन्नातील कार्ल कोलर याने डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत बधिरता आणण्यासाठी त्याचा उपयोग सिद्ध केला. त्याच वर्षी त्याच शहरातील तरुण वैद्य सिग्मुंड फ्रॉइड याने कोकावर एक प्रबंध प्रसिद्ध केला आणि अफू व मॉर्फिन यांचे व्यसन सोडविण्यास कोकेन उपयोगी पडते, असे प्रतिपादन केले. म्हणजे ज्या द्रव्याच्या व्यसनावर पुढे शंभर वर्षे उपाय शोधला गेला, ते द्रव्य स्वतःच व्यसनावरील उपाय म्हणून पुढे आले होते.

फ्रॉइडचा आधार कोणता होता? अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकांत आलेली काही रोगवृत्ते आणि त्याचा मित्र एर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल-मार्क्सोव्ह याच्यावर केलेला प्रयोग. हा शरीरशास्त्रज्ञ हाताच्या तीव्र वेदनांमुळे मॉर्फिनच्या आहारी गेला होता. कोकेनने त्याला आरंभी आराम वाटला आणि तेवढ्यावरून उपाय यशस्वी झाल्याचे मानले गेले. काही महिन्यांतच तो कोकेनच्या अधिक तीव्र व्यसनात सापडला, त्याला भ्रम होऊ लागले आणि १८९१ साली त्याचा अंत झाला. तत्पूर्वीच, १८८६ साली, जर्मन वैद्य आल्ब्रेख्त एर्लेनमायर याने दारू व मॉर्फिन यांच्यामागोमाग आलेले मानवजातीवरील तिसरे संकट अशी कोकेनची संभावना केली होती.

या प्रसंगातील दोष केवळ एका व्यक्तीच्या उतावळेपणाचा नव्हता. तो पद्धतीचा होता. रोगी थोडे, निरीक्षणाचा अवधी अपुरा, उपचार न घेतलेल्या रोग्यांशी तुलना नाही आणि निरीक्षक स्वतःच उपायाचा पुरस्कर्ता. व्यसनचिकित्सेच्या पुढील इतिहासात हे चार दोष पुनःपुन्हा भेटतात. खानदेशातील चळवळींच्या वर्णनांतही ते आढळतात, याची नोंद येथेच करून ठेवणे इष्ट होय.

३

हिंदुस्थानात कोकेनचे व्यसन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागले. कलकत्ता येथील उष्णकटिबंधीय वैद्यकशाळेत औषधविज्ञानाचे प्राध्यापक असलेले रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी गुरबक्षसिंग चोप्रा यांनी १९३१ साली या विषयावर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. तोपर्यंतच्या माहितीचा तो सर्वांत महत्त्वाचा संग्रह होय. या व्यसनाचा उगम बिहारमधील भागलपूर येथे झाला व तेथून ते कलकत्ता, दिल्ली, मुंबई अशा शहरांत गेले, असे त्यांनी नमूद केले आहे. पाश्चात्त्य देशांत हे द्रव्य सुईने टोचून किंवा नाकाने ओढून घेतले जाई. येथे मात्र ते विड्यातून खाल्ले जाई. चुन्याच्या क्षारयुक्त सान्निध्यात कोकेन तोंडाच्या अंतस्त्वचेतून अधिक सहज शोषले जाते. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातील रहिवासी कोकाच्या पानांबरोबर चुना किंवा राख चघळतात, त्याचेही कारण हेच. दूरदेशीचे द्रव्य येथील पानाच्या तबकात इतक्या सहजतेने कसे सामावले, याचा उलगडा या साध्या रासायनिक गोष्टीने होतो.

मुंबई हे बंदर असल्यामुळे चोरट्या आयातीचे एक मोठे केंद्र बनले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रांतिक सरकारांनी कोकेनच्या विक्रीवर निर्बंध घातले. १९१२ च्या हेग येथील आंतरराष्ट्रीय करारात कोकेनचा समावेश झाला आणि १९३० च्या घातक मादक द्रव्यांच्या कायद्याने हिंदुस्थानभर एकसूत्री नियंत्रण आले. मुंबईहून निघणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग खानदेशातून जाऊन भुसावळ येथे दुभंगतो. एक शाखा जबलपूरकडे व एक नागपूरकडे जाते. तथापि माल ज्या मार्गाने जातो त्या मार्गावरील लोक त्याचे सेवन करतातच असे नाही. खानदेशाचे व्यसन कोकेन हे कधीच नव्हते. ते मोहाच्या दारूचे होते. कोकेन हे शहरातील व्यसन, दारू ही खेड्यातील व रानातील. हा भेद पुढील तुलनेत विसरता कामा नये.

चोप्रा यांच्या कार्याचे मूल्य काय? त्यांनी व्यसनाधीनांची प्रत्यक्ष पाहणी केली, सेवनाची पद्धत, प्रमाण, कारणे व परिणाम यांची नोंद केली आणि व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रोगी म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. अफूच्या व्यसनावर त्यांनी लेसिथिन व ग्लुकोज यांचा उपयोगही करून पाहिला. कोकेन व अफू यांच्यातील एक मोठा भेद चिकित्सकांना लवकरच कळून आला होता. अफू एकाएकी बंद केली असता शरीराला तीव्र क्लेश होतात. कोकेन बंद केले असता तसे क्लेश होत नाहीत, पण खिन्नता, ग्लानी आणि सेवनाची अनावर इच्छा मागे राहते. अफूच्या बाबतीत पहिला आठवडा पार पाडणे ही कसोटी असते. कोकेनच्या बाबतीत खरी कसोटी रोगी घरी गेल्यावर सुरू होते. रुग्णालयातील यशावरून उपायाची परीक्षा करणे कोकेनच्या संदर्भात म्हणूनच विशेष फसवे ठरते.

४

सरकारी दप्तर हा इतिहासकाराचा नेहमीचा आधार. परंतु व्यसनाच्या विषयात तो किती जपून वापरावा लागतो, याचा उत्तम धडा १८९३-९४ च्या गांजा-भांगविषयक आयोगाने घालून दिला आहे. या आयोगाने हिंदुस्थानभर फिरून हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि सात खंडांचा अहवाल सादर केला. गांजाने वेड लागते, ही समजूत त्या काळी सर्वमान्य होती आणि तिला वेड्यांच्या इस्पितळांतील आकड्यांचा आधार होता. आयोगाने तो आधारच तपासावयास घेतला. १८९२ साली दाखल झालेल्या वेड्यांपैकी ज्या २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा-भांग असे नोंदले होते, त्या प्रत्येकाची पुन्हा चौकशी करण्यात आली. बहुतेक ठिकाणी असे आढळले की, रोग्यास आणणाऱ्या पोलिसाने कारणाचा रकाना भरावयाचा म्हणून तो शब्द लिहिला होता आणि इस्पितळाच्या नोंदवहीत तो तसाच उतरला होता. चौकशीअंती निम्म्याहून कमी रोग्यांच्या बाबतीत त्या कारणास काही आधार उरला.

खानदेशातील दारूविषयी जे सरकारी आकडे मिळतात, त्यांनाही हाच न्याय लावावा लागतो. आबकारी उत्पन्न घटले म्हणजे दारू पिणे घटले, असे अनुमान सहज काढले जाते. पण परवान्याच्या गुत्त्यावरील विक्री घटून रानातील हातभट्टी वाढली असेल, तरीही आकडा घटलेलाच दिसेल. आबकारी खात्याची वही सरकारच्या तिजोरीत काय आले ते सांगते. माणसाच्या घशाखाली काय गेले ते ती सांगू शकत नाही.

५

खानदेशातील भिल्ल, पावरा, कोकणा, मावची इत्यादी जमातींच्या जीवनात मोहाच्या दारूला स्थान होते. देवकार्य, लग्न, पंचायत, मर्तिक यांपैकी कोणताही प्रसंग तिच्यावाचून पार पडत नसे. मोहाची फुले रानात वेचावयाची आणि घरच्या भांड्यात दारू गाळावयाची, असा परिपाठ होता. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने ही व्यवस्था मोडली. दारू गाळण्याचा हक्क सरकारने आपल्या हाती घेऊन तो मक्तेदारांना दिला. घरची दारू गुन्हा ठरली आणि गुत्त्यावरची दारू रोख पैशाने किंवा उधारीने घ्यावी लागू लागली. उधारी आली तिच्याबरोबर व्याज आले, व्याजाबरोबर सावकार आला, आणि सपाटीवरील जमीन हळूहळू हातची गेली. ज्याची जमीन गेली तो दुसऱ्याच्या शेतावर सालदार म्हणून राहू लागला. दारूचे रूपांतर कर्जाच्या साधनात झाले, ही या प्रक्रियेतील मध्यवर्ती घटना होय.

या पार्श्वभूमीवर १९२२ साली देवीची चळवळ उद्भवली. तिचा सविस्तर अभ्यास डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला आहे. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्याकडून निघालेली ही लाट नाशिक, डांग, सुरत या प्रदेशांतून पसरत गेली व पश्चिम खानदेशाच्या सीमाभागासही तिचा स्पर्श झाला. अंगात येणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या तोंडून देवी आज्ञा करीत असे : दारू व ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, दारूच्या मक्तेदारांकडे मजुरीस जाऊ नका. कोणी बाहेरच्या पुढाऱ्याने ही चळवळ उभी केलेली नव्हती; पुढे मात्र महात्मा गांधींचे नाव तिच्याशी जोडले गेले. काही काळानंतर अनेक ठिकाणी लोक जुन्या आहारविहाराकडे वळले आणि दक्षिण गुजरातेत व्रत पाळणारे ‘वरजेला’ व ते सोडून देणारे ‘सरजेला’ असे दोन पक्षच पडले. आज वैद्यक ज्याला पुनरावर्तन म्हणते, त्यासाठी त्या समाजाने स्वतःचे शब्द घडविले होते, ही गोष्ट मोठी उद्बोधक आहे. आपल्यातील किती जण टिकले व किती ढळले याची जाणीव त्या समाजास होती, इतके त्यावरून निश्चित म्हणता येते.

दुसरा प्रयत्न खास पश्चिम खानदेशातला. तळोदे तालुक्यातील मोरवड येथील गुलाम महाराज यांनी १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात भिल्ल समाजात दारूमांसाचा त्याग, स्वच्छता, सामुदायिक आरती यांचा उपदेश केला. लहानथोर सर्वांनी परस्परांस ‘आप’ असे आदरार्थी संबोधावे, असा त्यांचा आग्रह असे. त्यावरून हा पंथ आप या नावाने ओळखला जाऊ लागला. ज्यांना सावकार, अंमलदार आणि मक्तेदार यांच्याकडून ‘अरेतुरे’ ऐकण्याची पिढ्यान्‌पिढ्या सवय झाली होती, त्यांनी एकमेकांस ‘आप’ म्हणावे, यातील अर्थ उघड आहे. आरतीसाठी दूरदूरचे लोक प्रचंड संख्येने जमत. १९३८ साली गुलाम महाराजांचे निधन झाले व त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे चालविले. येथे दारूत्याग हा एका मोठ्या गोष्टीचा भाग होता. ती गोष्ट म्हणजे स्वतःच्या प्रतिष्ठेची पुनःस्थापना.

तिसरा प्रयत्न स्वातंत्र्योत्तर काळातील. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादे तालुक्यात अंबरसिंग सुरतवंती यांनी भजनमंडळ्यांच्या मार्गाने भिल्लांमध्ये जागृती आरंभिली. १९७२ साली तेथे श्रमिक संघटना स्थापन झाली आणि गेलेल्या जमिनी, सालदारांची मजुरी, दुष्काळी कामे हे प्रश्न तिने हाती घेतले. या चळवळीत स्त्रियांनी दारूचा प्रश्न पुढे आणला. नवरा पितो, मजुरी गुत्त्यावर उडवितो आणि घरी येऊन मारतो, ही तक्रार स्त्रियांच्या शिबिरांत उघडपणे मांडली गेली. १९७२-७३ मध्ये स्त्रियांचे जथे गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडू लागले व मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत माफी मागावयास लावू लागले. १९७४ साली अंबरसिंगांचे निधन झाले. पण स्त्रियांनी घातलेला मुद्दा मागे पडला नाही. देवीने व गुलाम महाराजांनी ‘दारू सोडा’ असे सांगितले होते. शहाद्याच्या स्त्रियांनी दारू सुटली की नाही हे कशावरून ओळखावयाचे, याचेही उत्तर दिले. घरात दाणे आले का, आणि अंगावर हात उगारला गेला का, हीच त्यांची मोजपट्टी होती.

६

खानदेशात ही स्थित्यंतरे होत असता वैद्यकात पुराव्याची कल्पनाच पालटली. १९४८ साली इंग्लंडमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत रोग्यांची विभागणी वैद्याच्या मर्जीने न करता यदृच्छेने करण्यात आली होती. एका गटास नवा उपाय, दुसऱ्यास प्रचलित उपाय, आणि दोहोंतील फरक हाच पुरावा, ही पद्धत त्यानंतर सर्वत्र रूढ होत गेली. जेथे शक्य असेल तेथे तुलनागटास औषधी गुण नसलेली पण दिसण्यात तशीच गोळी देण्यात येऊ लागली. त्याच वर्षी कोपनहेगन येथून दारूच्या व्यसनावरील डायसल्फिराम या औषधाचा वृत्तान्त आला.

अमेरिकेत १९८० नंतर कोकेनचे व्यसन फार वाढले, तेव्हा ही पद्धत त्यावरील उपचारांस लावण्यात आली. १९८९ साली गावीन व क्लेबर यांनी डेसिप्रामीन या खिन्नतेवरील औषधाची चाचणी प्रसिद्ध केली. ७२ रोगी, तीन गट आणि सहा आठवड्यांचा अवधी अशी तिची रचना होती. सलग तीन-चार आठवडे कोकेनपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण डेसिप्रामीनच्या गटात ५९ टक्के, तर निर्गुण गोळीच्या गटात १७ टक्के निघाले. उपाय सापडला असे अनेकांस वाटले. पुढे अधिक रोग्यांवर व अधिक काळ चाचण्या झाल्या, तेव्हा मात्र हा लाभ टिकला नाही. डायसल्फिराम मेंदूतील डोपामीनच्या रूपांतरात अडथळा आणते, म्हणून तेही कोकेनवर वापरून पाहण्यात आले. निष्कर्ष संमिश्र राहिले. कोकेनचे रेणू रक्तातच अडवून ते मेंदूपर्यंत पोहोचू न देणारी लसही तयार झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११५ रोग्यांवरील चाचणीत केवळ ३८ टक्क्यांच्या रक्तात पुरेशी प्रतिद्रव्ये निर्माण झाली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तिची उपयुक्तता सिद्ध होऊ शकली नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोकेनच्या व्यसनावर आजवर एकाही औषधास मान्यता दिलेली नाही.

औषधांनी निराशा केली त्या क्षेत्रात यश आले ते निराळ्या दिशेने. व्हर्माँट विद्यापीठातील स्टीफन हिगिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली ४० रोग्यांवरील चोवीस आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष दिले. सर्वांना समुपदेशन सारखेच मिळाले. एका गटातील रोग्यांना मात्र मूत्रतपासणीत कोकेनचा अंश न आढळल्यास प्रत्येक वेळी वाढत्या किमतीची पावती देण्यात येई आणि तिच्या मोबदल्यात उपयुक्त वस्तू मिळत. एकदा जरी कोकेन आढळले तरी पावतीची किंमत पुन्हा आरंभीच्या पायरीवर येई. या गटातील ७५ टक्के रोग्यांनी उपचार पुरा केला, तर दुसऱ्यातील ४० टक्क्यांनी. सलग संयमाचा सरासरी काळ अनुक्रमे ११.७ व ६ आठवडे भरला. येथे रोग्याच्या किंवा वैद्याच्या शब्दाला स्थान नव्हते. मूत्रतपासणी हा तटस्थ साक्षीदार होता.

या समुपदेशनाचे मूळ १९७३ साली जॉर्ज हंट व नेथन अझ्रिन यांनी इलिनॉय येथील एका रुग्णालयात दारूच्या रोग्यांवर केलेल्या प्रयोगात आहे. त्या प्रयोगात अवघे सोळा रोगी होते. त्यामागील विचार असा : व्यसनी माणसास काम, कुटुंब, मित्र, करमणूक या गोष्टी मिळवून द्याव्यात व त्या संयमावर अवलंबून ठेवाव्यात, म्हणजे न पिणे हेच पिण्यापेक्षा लाभाचे ठरेल. या पद्धतीस समाजाचा आधार देणारी पद्धत असे म्हणता येईल. २०१८ साली कोकेन व तत्सम द्रव्यांच्या व्यसनावरील ५० चाचण्यांचा, म्हणजे सुमारे सात हजार रोग्यांचा, एकत्रित विचार प्रसिद्ध झाला. त्यात पारितोषिकाची पद्धत व समाजाधाराची पद्धत यांचा संयोग सर्वांत परिणामकारक ठरला.

७

१९७३ हे वर्ष शहाद्याच्या स्त्रियांचेही होते. इलिनॉयच्या रुग्णालयातील सोळा रोगी आणि शहाद्याच्या खेड्यांतील मडकी फोडणाऱ्या बाया यांना एकमेकांची वार्ता असणे शक्य नव्हते. तरीही दोन्ही ठिकाणी एकच तत्त्व वेगवेगळ्या मार्गांनी पुढे आले : व्यसन सोडणाऱ्याच्या भोवतीचे जग बदलल्यावाचून त्याचा निश्चय टिकत नाही. गुलाम महाराजांच्या अनुयायास दारू सोडताच ‘आप’ हे संबोधन मिळे, आरतीच्या मेळ्यात स्थान मिळे, समाजात मान मिळे. तो ढळला तर हे सर्व गमावण्याचा प्रसंग येई. पारितोषिकाची पद्धत हेच वस्तूंच्या रूपाने करते.

तथापि या साम्यावरून खानदेशातील चळवळी वैद्यकीयदृष्ट्या यशस्वी होत्या, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. दारू सोडणाऱ्यांची यादी, वर्षभराने घेतलेला त्यांचा मागोवा, चळवळ न पोहोचलेल्या गावांशी तुलना, यांतील काहीच उपलब्ध नाही. उलट, चळवळीच्या लाटेत दारू सोडणारे सर्वच व्यसनी होते असेही नाही. सणासुदीला पिणारा व नित्य पिणारा यांचा भेद त्या वर्णनांत फारसा केलेला नसतो. फ्रॉइडच्या रोगवृत्तांतील चारही दोष येथे आहेतच. श्रद्धेने लिहिलेला वृत्तान्त आदरणीय असतो. पुरावा म्हणून मात्र त्याची उलटतपासणी करावीच लागते.

दुसऱ्या बाजूने, चाचणीचीही उलटतपासणी झाली पाहिजे. याचे निकटचे उदाहरण गोव्याचे आहे. तेथील ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, अतिमद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांवर, यदृच्छेने विभागलेल्या दोन गटांची चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. समुपदेशन करणारे वैद्य नव्हते. थोडे प्रशिक्षण दिलेले सामान्य कार्यकर्ते होते. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी २६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले. मागील चौदा दिवसांत अजिबात न प्यायलेल्यांचे प्रमाण तर ४२ टक्के व १८ टक्के असे निघाले. वैद्य दुर्मिळ असलेल्या प्रदेशासाठी हे फार मोलाचे ज्ञान होय. पण त्याच चाचणीत घरातील स्त्रीवर होणारी मारहाण, कामाचे बुडालेले दिवस आणि दैनंदिन कार्यक्षमता यांच्या बाबतीत दोन गटांत फरक आढळला नाही.

शहाद्याच्या स्त्रियांची मोजपट्टी येथे आठवते. त्यांच्या दृष्टीने ज्या दोन गोष्टी सुधारल्यावाचून व्यसन सुटले असे म्हणताच येत नव्हते, त्यांपैकी एक या चाचणीत तीन महिन्यांत सुधारलेली दिसली नाही. याचा अर्थ उपाय निरुपयोगी असा नव्हे. तीन महिने हा अवधी थोडा आहे आणि एका उपायाकडून सर्व अपेक्षा करणेही योग्य नव्हे. अर्थ इतकाच की, पिणे कमी होणे आणि घर सुरक्षित होणे या दोन स्वतंत्र घटना असू शकतात. गोव्याच्या संशोधकांनी दोन्ही मोजल्या व प्रतिकूल निष्कर्षही प्रांजळपणे दिला, म्हणूनच हा भेद दिसू शकला. कोकेनवरील बहुतेक चाचण्यांत मुख्य कसोटी मूत्रतपासणीची असते. ती निर्दोष साक्षीदार खरीच. पण ती एका माणसाच्या शरीराविषयी साक्ष देते, त्याच्या घराविषयी नव्हे.

८

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील लोकांत कोकेनचे सेवन करणारे ०.१० टक्के आहेत, तर दारू पिणारे १४.६ टक्के, म्हणजे सुमारे सोळा कोटी आहेत. जगातील व्यसनचिकित्सेच्या ज्ञानाचा मोठा भाग पहिल्या प्रकारच्या रोग्यांवरून पाश्चात्त्य शहरांत मिळविलेला आहे. त्याचा उपयोग करावयाचा आहे तो दुसऱ्या प्रकारच्या रोग्यांवर, येथील खेड्यांत. महाराष्ट्रात १९८६ साली पुणे येथे अनिता व अनिल अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ सुरू झाले, तेव्हा त्याचे तात्कालिक कारण मुंबई-पुण्याच्या तरुणांत पसरलेले गर्दचे व्यसन हे होते. व्यसनी माणसाच्या कुटुंबास उपचारात सामील करून घेण्याची त्याची रीत पुढे अनेक केंद्रांनी उचलली. शहरी व्यसनावरील अनुभव ग्रामीण दारूच्या प्रश्नाकडे नेण्याची वाट या राज्यात अशा प्रकारे आधीच पडलेली आहे.

जळगाव, धुळे व १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार, या तिन्ही जिल्ह्यांत आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि १९९० पासून जळगाव येथे विद्यापीठ आहे. १९३८ मध्ये मोरवडला किंवा १९७३ मध्ये शहाद्यास जे साधन जवळपास नव्हते, ते आता आहे. तळोदे, अक्कलकुवे, धडगाव, शहादे या भागांतील ज्या कुटुंबांत आजही आप पंथाचे आचरण चालते, त्यांच्या तीन पिढ्यांचा मौखिक वृत्तान्त संग्रहित करणे हे इतिहासविभागाचे काम होय. अशा गावांतील व शेजारच्या इतर गावांतील दारूचे प्रमाण, आरोग्य, कर्ज आणि स्त्रियांची स्थिती यांची तुलना करणे हे वैद्यक व समाजशास्त्र यांचे काम होय. यदृच्छेने केलेल्या विभागणीची जागा ही तुलना घेऊ शकणार नाही; जे लोक पंथात गेले ते मुळातच निराळे असतील, ही शंका कायम राहील. पण शंका नेमकी कोठे आहे हे कळणे, हा ज्ञानाचाच एक प्रकार होय.

अशा अभ्यासात मोजपट्टी कोणती घ्यावयाची, याचा निर्णय प्रथम करावा लागेल. कोकेनच्या संशोधनाने शिकविले की, रोग्याच्या आणि वैद्याच्या शब्दापलीकडचा साक्षीदार हवा. शहाद्याच्या बायांनी शिकविले की, तो साक्षीदार घरातही हवा; चुलीपाशी बसणाऱ्या माणसास विचारल्यावाचून मुक्तीची नोंद पुरी होत नाही. या दोन शिकवणी एकत्र आणणारी नोंदवही जेव्हा खानदेशात लिहिली जाईल, तेव्हा ‘व्यसन सुटले’ या विधानाला तेथे प्रथमच पुरा अर्थ येईल.